पाचशे मीटरचं वर्तुळ

नकाशात मुलाच्या घरावर एक टिंब ठेवायचं, त्याभोवती पाचशे मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि त्यात काय काय येतं ते मोजायचं: मैदानं किती, झाडं किती, दारूची दुकानं किती, मोठे रस्ते किती. परिसराचा माणसाच्या तब्येतीशी संबंध शोधणाऱ्या जगभरच्या अभ्यासांत ही रीत रुळलेली आहे. परळच्या एका नववीतल्या मुलाच्या घराभोवती आम्ही असं वर्तुळ काढलं, तेव्हा ते चांगलंच भरगच्च निघालं. रुग्णालयांची मोठाली आवारं त्यात आली, रेल्वेचे रूळ आले, आणि रुळांपलीकडे गिरण्यांच्या जागेवर उभी राहिलेली काचेची कार्यालयंही आली. कागदावर त्या पोराला काही कमी नव्हतं.

मग त्याच्या हातात कोरा कागद दिला आणि म्हटलं, तुझा एरिया काढून दाखव. त्यानं चाळ काढली, शाळा काढली, व्यायामशाळा काढली, नाक्यावरची वडापावची गाडी काढली आणि कागदाच्या पार दुसऱ्या टोकाला नायगावातली आत्याची खोली काढली. रूळ काढलेच नाहीत. मी विचारलं, "आणि पलीकडचं?" तो म्हणाला, "ताई, तिकडं कशाला जायचं? तिकडं ऑफिसं आहेत." आमच्या वर्तुळाचा बराचसा भाग त्याच्या परिसरात नव्हता आणि त्याच्या परिसरातली आत्या आमच्या वर्तुळात नव्हती.

शिवाय रुळांपलीकडे जायचं तर पूल हवा. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, त्यानंतर इथल्या कित्येक आयांनी मुलांना गर्दीच्या वेळी तो पूल बंद करून टाकला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये वाहनांचा जुना एल्फिन्स्टन पूलही पाडण्यासाठी बंद झाला. अंतर मीटरमध्ये तेवढंच राहिलं, पण चालणाऱ्याला एका रात्रीत वाढलं. नकाशातलं वर्तुळ मात्र जागचं हललं नाही.

मी समाजकार्य शिकले, समुपदेशक म्हणून मुलांसोबत काम केलं आणि मग पाहण्यांच्या कामात ओढली गेले. माझ्याकडे असतो तो टप्पा मुख्य पाहणीच्या आधीचा. तयार प्रश्नावली मुलांपुढे ठेवायची, उत्तर घ्यायचं आणि मग विचारायचं, हे उत्तर देताना तुझ्या डोळ्यांपुढे काय आलं? त्यामुळे टक्केवारीचे निष्कर्ष माझ्या हाती नाहीत. हाती आहे ती गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यातल्या मुलामुलींनी प्रश्नांची केलेली उलटतपासणी.

परिसराचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न इथे का विचारायचा, याला ठोस कारण आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं आणि महानगरांत ते १३.५ टक्के, म्हणजे जवळपास दुप्पट. सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता. महानगरात असं काय आहे की जे मुलांना सोसत नाही, याचं उत्तर त्या आकड्यात नाही. ते गर्दीत आहे, आवाजात आहे, स्पर्धेत आहे, की महानगरात आजार ओळखला जाण्याची शक्यता जास्त म्हणून आकडाच मोठा दिसतो? हे शोधायचं तर महानगराच्या आत शिरून गल्लीगल्लीतला फरक बघावा लागतो.

घरांची मोजणी या शहराला नवी नाही. बर्नेट-हर्स्ट यांचं मुंबईतल्या कामगारांच्या घरांवरचं पुस्तक १९२५ चं आहे. खोलीत माणसं किती, भाडं किती, हे तेव्हापासून मोजलं जातंय. त्या खोलीत वाढणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात काय चालतं, हे मात्र इथे आधी रंगभूमीनं सांगितलं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. संप कधी अधिकृतपणे मिटला नाही, गिरण्या मात्र मिटत गेल्या. त्या पडझडीत तरुण पोरांचं काय झालं, ते जयंत पवारांच्या ‘अधांतर’नं दाखवलं. नाटक एका घराच्या आत शिरून बघू शकतं. आम्हाला हजार घरांचं एका मापानं सांगायचं असतं, आणि अडचण त्या मापातच होती.

माप दोन बाजूंनी लागतं. एका बाजूला मुलाचं मन. त्यासाठी रॉबर्ट गुडमन यांची १९९७ ची पंचवीस विधानांची प्रश्नावली जगभर वापरतात: भावना, वर्तन, चंचलपणा, सवंगड्यांशी संबंध आणि दुसऱ्याला मदत करण्याची वृत्ती, अशा पाच गटांत. दुसऱ्या बाजूला परिसर. आणि पहिलाच नियम असा की दोन्ही गोष्टी एकाच तोंडून ऐकून भागत नाही. ज्याचं मन आधीच खचलंय त्याला जिना अंधारा दिसतो, माणसं तुसडी दिसतात. मग अंधाऱ्या जिन्यानं मन खचलं की खचलेल्या मनाला जिना अंधारा दिसला, हे कसं कळणार? म्हणून परिसर त्रयस्थ माणसानं जाऊन बघायचा असतो. शिकागोत १९९० च्या दशकात रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडेनबुश यांच्या गटानं यासाठी गाडीतून रस्त्यांचं चित्रण केलं, आणि मग चौकाचौकामधला प्रत्येक तुकडा यादीवर तपासला: भिंतीवर रंगाचे फराटे, फुटक्या बाटल्या, टाकून दिलेल्या गाड्या, रस्त्यावर टोळक्यानं उभी असलेली माणसं.

त्याच धाटणीची यादी घेऊन लालबागमध्ये उतरलं की पहिल्याच चौकात पंचाईत होते. टोळक्यानं उभी माणसं? नाक्यावर रात्री अकरापर्यंत उभं राहणं ही इथली बैठक आहे, त्याला बेशिस्त म्हणून खूण केली तर सगळं गिरणगाव बिघडलेलं ठरेल. भिंतींवर फराटे नाहीत, पण वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स आहेत, आणि कुणाचा फोटो कोणाच्या वर लागलाय यावरून त्या गल्लीत कोणाची चलती आहे ते पोरांना बिनचूक कळतं. टाकून दिलेल्या गाड्या नाहीत, पण खेळायच्या पटांगणात लावलेल्या चालू गाड्या आहेत. यादीत मैदानापुढे ‘आहे’ अशी खूण पडते, प्रत्यक्षात सकाळी तिथे पैसे भरून येणारा क्रिकेटचा वर्ग असतो, संध्याकाळी कुणाचा तरी कार्यक्रम, आणि उरलेल्या वेळात कुलूप. एका मुलीनं यादी माझ्या हातून घेतली आणि ‘मैदान’ या ओळीपुढे लिहिलं, "मुलांचं."

महिनाही बघावा लागतो. एप्रिल-मेमध्ये मसाला गल्लीत मिरची कुटली जाते तेव्हा आख्ख्या लालबागचं नाक झोंबतं, पण तेव्हा निम्मी पोरं गावी, कोकणात किंवा घाटावर गेलेली असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये घराघरात दहावी-बारावी. आणि भाद्रपदात तर लालबाग हा पत्ताच बदलतो. लालबागचा राजा १९३४ पासूनचा, गणेशगल्लीचा त्याच्याही आधीचा. त्या दहा दिवसांत आपल्याच घरी जायला पोरांना रांगा आणि बांबूंचे अडथळे ओलांडावे लागतात, झोप होत नाही, शाळा बुडते. कागदावर हा ताणाचा कडेलोट दिसायला हवा. पण गळ्यात कार्यकर्त्याचं ओळखपत्र अडकवून रात्रभर रांग हाकणारा पंधरा वर्षांचा पोरगा वर्षातले सगळ्यात बरे दिवस कुठले म्हणून विचारलं तर हेच सांगतो. वर्षभर ज्याला वर्गात कुणी विचारत नाही, त्याच्या शिट्टीवर तेव्हा शेकडो माणसं थांबतात.

आवाजाचं तर फारच अवघड. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. २०११ मध्ये सुरू झालेला लालबागचा उड्डाणपूल आंबेडकर रस्त्यावरच्या जुन्या इमारतींच्या मधल्या मजल्यांसमोरून जातो. तिथल्या खिडकीत मोजणीयंत्र धरलं की या मर्यादेचा विषयच काढवत नाही. पण तिथली मुलं सांगतात की पुलाचा आवाज त्यांना ऐकूच येत नाही, पूल बंद असला तर झोप मोडते. मग त्रास कशाचा होतो? बाजूच्या खोलीतल्या भांडणाचा. लाकडी पार्टिशनमधून येणारा हलका, दबलेला आवाज. डेसिबलमध्ये तो काहीच नसतो, आणि पोरगी उशीत डोकं खुपसून तो ऐकत असते, कारण ते काकू-काका उद्या सकाळी नळावर भेटणार असतात.

ढोल-ताशा पथकांचं उदाहरण मला सगळ्यांत जास्त शिकवून गेलं. पावसाळ्यात त्यांचा सराव सुरू होतो. मोजणीच्या रकान्यात तो सरळ ‘उपद्रव’ म्हणून बसतो, आणि शेजारच्या आजारी माणसाला तो उपद्रव असतोही. पण गेल्या काही वर्षांत पथकांत मुली मोठ्या संख्येनं आल्या. एकीला मी विचारलं, तुला ढोलच का वाजवावासा वाटला? ती म्हणाली, "ताई, रात्री साडेनऊपर्यंत घराबाहेर राहायला दुसरं काहीच चालत नाही." तिला ताल आवडत होताच, पण त्याहून आवडत होतं ते कुणालाही उत्तर न देता घराबाहेर मिळणारे अडीच तास. एकाच ढोलाला आम्ही एका रकान्यात मन बिघडवणारं कारण म्हणून मोजत होतो, आणि तिच्या बाबतीत तोच ढोल तिला सावरत होता.

तिथून मी प्रश्नांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. शिकागोच्याच त्या अभ्यासातून १९९७ मध्ये एक गाजलेली कल्पना पुढे आली. ३४३ वस्त्यांमधल्या लोकांना विचारलं होतं की शाळा बुडवून पोरं कोपऱ्यावर उभी दिसली तर शेजारीपाजारी काही करतील का? एकमेकांवर विश्वास आणि अशी हटकायची तयारी जिथे जास्त, तिथे हिंसा कमी आढळली. त्याआधी १९६१ मध्ये जेन जेकब्स यांनीही लिहून ठेवलं होतं की रस्त्यावर लोकांचे डोळे असले की रस्ता सुरक्षित राहतो. हा प्रश्न चाळीत विचारला की उत्तरात फरकच पडत नाही. सगळे म्हणतात, हो, हटकतील. हटकतीलच. एक पोरगा हे उत्तर छाती फुगवून देतो: "आमच्या चाळीत कुणाची टाप नाही. माझ्या बाबांना अटॅक आला तेव्हा सगळा मजला खाली उतरला होता." त्याच मजल्यावरची त्याच्याच वयाची मुलगीही हो म्हणते, आणि पुढे म्हणते: "मी क्लासवरून कुणाबरोबर आले, ते मी जिना चढायच्या आत आईला कळलेलं असतं." दोघांच्या प्रश्नावलीत खूण एकाच चौकोनात पडते. दोघांच्या पोटात त्या चौकोनाचं जे होतं, ते सारखं नसतं.

चाळीचीही एकच जात नाही. गिरगावातल्या किंवा लालबागच्या लाकडी कठड्याच्या चाळीत गॅलरी बाहेर उघडते, नजर समोरच्या चौकात जाते. बीडीडी चाळींत मधून बोळ आणि दोन्ही अंगांना खोल्या, म्हणजे दार उघडलं की समोर दार. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून या २०७ चाळी बांधल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या. गॅलरीतल्या मुलीला निदान रस्त्याकडे तोंड करून उभं राहता येतं. बोळातली मुलगी दाराबाहेर आली की कुणाच्या तरी घरातच बघते आणि कुणी तरी तिच्या घरात बघतं.

आता अशा खोलीत मुलाखत कशी घ्यायची? दहा बाय बाराची जागा, आजी कॉटवर, आई ओट्याशी, धाकटा भाऊ टीव्हीपुढे, आणि मी चटईवर बसून विचारणार, "तुला बऱ्याचदा उदास वाटतं का? रडू येतं का?" मुलगी आजीकडे बघून म्हणते, "छे, मी तर खूप हसते." आजी म्हणते, "आमची बाय गुणाची आहे हो." नंतर हीच प्रश्नावली तिनं अभ्यासिकेत, कानाला हेडफोन लावून, टॅबलेटवर स्वतः भरली तेव्हा कित्येक खुणा दुसरीकडे सरकल्या. त्याउलट टॉवरमधल्या मुलाला त्याची खोली होती, दार लागत होतं, आणि त्यानं पहिल्या बैठकीतच मन मोकळं केलं. हे दोन कागद शेजारी ठेवले तर निष्कर्ष काय निघेल? चाळीत मुलं सुखी, टॉवरमध्ये दुःखी. चाळीच्या आपुलकीवर लिहिलेल्या सगळ्या हळव्या लेखांना त्यातून शास्त्राचा आधार मिळेल! प्रत्यक्षात आपण मोजलेलं असतं ते एवढंच की कुणाच्या घरात खरं बोलायला जागा होती. ज्या गर्दीचा परिणाम मोजायचा, तीच गर्दी उत्तराच्या वेळी कान देऊन बसलेली असते. म्हणून मी आता घरात मनाबद्दल एकही प्रश्न विचारू देत नाही. पालकांची लेखी संमती घरी घ्यायची, मुलाचा होकार वेगळा घ्यायचा आणि प्रश्न शाळेच्या रिकाम्या वर्गात किंवा अभ्यासिकेत.

फोनवर दिवसातून काही वेळा "आत्ता कसं वाटतंय, कुठे आहेस" असा निरोप पाठवून बघायची एक रीत आहे. दादरला ती कामाची ठरली. दादरच्या क्लासेसना आणि कॉलेजांत येणारी कितीतरी मुलं झोपायला कल्याण-डोंबिवलीला जातात, त्यांचा दिवस रुईया नाक्यावर, लोकलमध्ये आणि पैसे भरून लावलेल्या अभ्यासिकेच्या खुर्चीवर जातो. घरच्या पत्त्यावरून त्यांचा परिसर ठरवणं निरर्थक आहे. पण हीच रीत लालबागच्या खोलीत अडते, कारण तिथे फोन घरात मिळून एक असतो आणि रात्री नऊचा "आत्ता कसं वाटतंय?" हा निरोप आई वाचते.

गिरगावात आणखी निराळं. तिथे वाड्यांतून फिरताना गर्दीचा त्रास सांगणारी मुलं मला कमी भेटली, सवंगडी उरले नसल्याचं सांगणारी जास्त. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ३३.३८ लाख होती, ती २०११ मध्ये ३०.८५ लाखांवर आली. गिरगावात या आकड्याचा अर्थ असा की वरच्या मजल्यावरचे लोक विरारला गेले, खालच्या खोलीत गोदाम आलं, समोर सोन्याचं काम करणाऱ्यांचा कारखाना. कागदावर दाटी तेवढीच. एक अकरावीतला मुलगा म्हणाला, "वाडीत बॉक्स क्रिकेटची टीम होत नाही. मी आणि दोन लहान पोरं." केशवजी नाईक चाळीनं १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केला, त्या गिरगावात आज काही वाड्यांत आरतीला तरुण मुलं बाहेरगावाहून, म्हणजे डोंबिवलीहून येतात. घनता मोजणाऱ्या कुठल्याही यंत्राला हा एकटेपणा दिसत नाही, कारण गोदामाच्या हमालालाही ते माणूस म्हणूनच मोजतं.

आणि आता टॉवर. चाळ पडते, ट्रान्झिट कॅम्प होतो, काही वर्षांनी पुनर्वसनाची इमारत उभी राहते. घर मोठं होतं, संडास घरात येतो, आणि मुलींच्या दृष्टीनं ही गोष्ट किती मोठी आहे हे रात्री बोळाच्या टोकाला जाताना आईला उठवणाऱ्या मुलीला विचारावं. पण मजल्यावर गॅलरी नसते, दारं बंद होतात, गच्चीला कुलूप लागतं, लिफ्टसमोरची जागा उभं राहण्यासाठी नसते. बऱ्याच ठिकाणी पुनर्वसनाची आणि विक्रीची इमारत एकाच आवारात असते, पण फाटकं दोन. विक्रीच्या बाजूचा पोहण्याचा तलाव या बाजूच्या पंधराव्या मजल्यावरून स्पष्ट दिसतो. पिनकोड एकच असतो. आमच्या रकान्यांत दोन्ही बाजूंची मुलं ‘एकाच परिसरातली’ म्हणून बसतात.

अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेला एक प्रयोग मला इथे वारंवार आठवतो. पाच शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या सुमारे ४,६०० कुटुंबांतून सोडत काढून काहींना बऱ्या वस्तीत घर घेण्यासाठी मदत दिली गेली. सोडतीमुळे तुलना चोख झाली. पुढे मुलं मोठी झाल्यावर तपासलं तर मुलींचं मानसिक आरोग्य सुधारलं होतं आणि मुलांचं उलट बिघडलं होतं. दोघांची सरासरी काढली असती तर ‘परिसर बदलून फारसा फरक पडत नाही’ असं वाटलं असतं. गिरणगावातल्या मुलांचे कागद वाचताना मला त्या निकालाचं फारसं आश्चर्य वाटेनासं झालं. टॉवरमध्ये आल्यावर मुलगा नाका हरवतो, मंडळ हरवतो, मजल्यावर हाक मारायची सोय हरवतो. मुलीच्या मागची नजर कमी होते, पण तिलाही मैत्रिणीला भेटायला आता मॉलशिवाय जागा उरत नाही, आणि मॉलला पैसे लागतात. कुणाचं पारडं किती झुकेल ते कुटुंबागणिक वेगळं असेल, पण दोघांना एका आकड्यात कोंबून ते कधीच कळणार नाही.

या सगळ्यातून माझ्यापुरतं एक मत बनलं आहे. किशोरवयीन मुलाच्या मनाला परिसरातली गर्दी किंवा शांतता थेट भिडत नाही. कुणी आपल्याला कधी बघावं यावर त्याचा किती ताबा आहे, यातून ती भिडते. ज्याला हवं तेव्हा चारचौघांत जाता येतं आणि हवं तेव्हा नजरेआड होता येतं, त्याला १६० चौरस फूटही सोसतात. ज्याला यातलं एकच मिळतं, त्याला ५०० चौरस फूटही जाचतात. वरळीच्या अभ्यास गल्लीत रात्री दिव्याखाली बसणारी मुलं फक्त उजेडासाठी येत नसतात. घरच्यांच्या नजरेतून सुटका आणि सोबत्यांची संगत, दोन्ही तिथे फुकटात मिळतं.

मदत मागण्यालाही हाच नियम लागू पडतो. प्रश्नावलीत एखाद्या मुलीनं जीव द्यावासा वाटल्याची खूण केली तर कागद मिटून पुढे जाता येत नाही. त्याच दिवशी समुपदेशक, पालकांपैकी विश्वासाचं माणूस, आणि गरजेप्रमाणे मानसोपचार, अशी साखळी आधीच ठरवून ठेवावी लागते. परळच्या मुलांना केईएमसारखं रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे, नकाशाच्या हिशेबात याहून भाग्य नाही. पण मुली म्हणतात, "तिथं नको ताई, केसपेपरच्या रांगेत आमच्या चाळीतलं कोणी ना कोणी असतंच." म्हणून कुणालाही न दिसता मदत मिळेल अशी वाट आधी सांगावी लागते. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तो आम्ही प्रत्येक मुलाला देतो, आणि फोन एकांतात कुठून करता येईल हेही त्याच्यासोबत बसून शोधतो. शाळेच्या समुपदेशकांचा टेबलफोन यासाठी फार उपयोगी पडतो.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात आपल्याकडे एक दुर्मीळ संधी आयतीच चालून आली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. बाकीची कुटुंबं टप्प्याटप्प्यानं हलणार. म्हणजे एकाच प्रकारच्या खोल्यांतली काही मुलं आज टॉवरमध्ये आणि काही अजून बोळात, अशी तुलना काही वर्षं उपलब्ध राहील. त्यांना विचारायला लांबलचक प्रश्नावली नको. कुणाला न विचारता एकटं बसता येईल अशी जागा आहे का? पैसे न देता मित्रमैत्रिणींना भेटता येईल अशी आहे का? तुला रोज कोण कोण बघतं, आणि त्यातलं कोण बघतं ते तुला आवडत नाही? वाईट दिवस गेला तर कुणाचं दार वाजवशील? हे मुलामुलींना वेगवेगळं, घराबाहेर, हलण्याच्या आधी आणि नंतर विचारावं आणि उत्तरं वेगवेगळीच मांडावीत.

उत्तरं हाती आली की वास्तुरचनेच्या नकाशात करायचे बदल फार खर्चिक नाहीत. रात्री उघडी राहणारी, मुलींना हक्कानं बसता येईल अशी अभ्यासिका, काही मजल्यांआड एखादा मोकळा कट्टा, ठरलेल्या वेळी उघडी गच्ची. मात्र हे विचारायला चाव्या मिळायच्या आधी जायला हवं. नव्या घरात गेलेल्या मुलाला जुन्या खोलीबद्दल विचारलं की तो आठवणी सांगतो, आणि आठवणीत प्रत्येक चाळ चांगलीच असते.